बहिरा विद्यार्थी आणि कॉलेजचा वर्ग

या व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे युनियनचे काम करणाऱ्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? तरी आम्ही हट्टाने हा विषय मागून घेतला. ऐकू न येणारी मुले कॉलेजात जातात तेव्हा त्यांचे तेथे काय होते, आणि ती टिकावीत म्हणून काय करता येते, एवढेच आज सांगायचे आहे. आम्ही स्वतः विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. चढलो ती शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या वाटाघाटींसाठी. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयांत आणि माणसांच्या संगतीत. तेव्हा पंडिती व्याख्यानाची आशा कोणी धरू नये.

आणखी एक खुलासा. एरवी आम्ही हातात कागद न धरता बोलतो. आज मात्र सगळे लिहून आणले आहे, कारण पहिल्या रांगेत एक तरुण बसला आहे, त्याला आमचे बोलणे ऐकू येत नाही. त्याच्या हाती याच भाषणाची प्रत आहे. आम्ही मजकूर सोडून भरकटलो तर त्याची ओळ चुकेल. त्याची हकीकत पुढे येणार आहे, ती त्याच्या परवानगीने.

पाचगणी हे शाळांचे गाव. शंभराहून अधिक वर्षे लांबलांबच्या मुलुखांतली मुले येथे शिकायला येतात, आणि परके मूल आले की त्याची राहण्याची, जेवणाची, न समजणाऱ्या भाषेची सोय लावावी लागते हे येथल्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. बहिरेपणाचेही या गावाशी एक जुने नाते आहे. डॉ. बिलिमोरियांच्या आरोग्यधामामुळे पाचगणीची हवा क्षयरोग्यांत प्रसिद्ध झाली. पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयाची माणसे मरता मरता वाचू लागली. पण हेच औषध काहींच्या अंतःकर्णाला इजा करी. रोगी बरा होऊन घरी जाई तो कान गमावून. जीव वाचला या आनंदात कानांचा हिशेब कोणी मांडला नाही.

आमच्या स्वतःच्या डाव्या कानाचा हिशेबही असाच राहून गेला. तरुणपणी आम्ही विट्यात यंत्रमागावर होतो. मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. डेसिबल हे माप सरळ चढत नाही, दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दसपट होते, हे ध्यानात घ्यावे. दोघे शेजारी बसून बोलतात तो आवाज साठाच्या आसपास. म्हणजे शेडमधला गलका त्याच्या हजारपट. आठ तासांना नव्वद ही मर्यादा कारखान्यांच्या नियमांत घातलेली होती, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात नोंदवण्याजोगा रोग म्हणून छापलेला होता. छापलेला होता एवढे खरे. आम्ही पगार, बोनस, पाळी यांसाठी शेकडो सभा घेतल्या. कानांसाठी एकही घेतली नाही. ही चूक आमची आहे आणि ती येथे कबूल करतो.

शेडमध्ये बोलणे ऐकू येत नसे, म्हणून आम्ही हातवारे करत असू. धागा तुटला, कांडी संपली, मालक आला, चहा आला, अशा दहावीस खुणा सर्वांना ठाऊक. त्यामुळे बरीच वर्षे आमचा समज असा होता की बहिऱ्यांची खुणांची भाषा म्हणजे याहून थोडी मोठी यादी. तो समज किती चुकीचा होता ते पुढे सांगू.

आता त्या तरुणाची गोष्ट. त्याचे वडील आमच्या युनियनचे जुने सभासद. एके संध्याकाळी ते कचेरीत आले, टोपी काढून बसले आणि म्हणाले, "आण्णा, पोरगं कालेजात जात न्हाई म्हंतंय. युनियन मालकाशी भांडती, कालेजाशी भांडती का?" मुलगा चार वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. दहावीपर्यंत कर्णबधिरांच्या शाळेत शिकला, बारावी झाला आणि वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला एका कॉलेजात दाखल झाला. कॉलेजने प्रवेश दिला, फी माफ केली, स्वागताच्या कार्यक्रमात त्याला गुलाबाचे फूलही दिले. मग त्याला ऐंशी मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसवले आणि सगळे त्याला विसरून गेले. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी काही विचारले. त्याने मान डोलावली. पुन्हा विचारले, पुन्हा डोलावली. तिसऱ्यांदा ते चिडले आणि मुले हसली. त्या दिवसापासून तो घरी बसला.

या मान डोलावण्याबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. मुकादम भरभर काही सांगून जातो आणि नवखा कामगार न समजता "व्हय" म्हणतो, ते आम्ही जन्मभर पाहत आलो. पुन्हा विचारले तर आपण मूर्ख ठरू, ही त्यामागची भीती. बहिऱ्या माणसाला हाच प्रसंग दिवसातून पन्नास वेळा येतो. तेव्हा शिक्षकाने "समजले का?" असे विचारून काहीही कळत नाही. "मी काय सांगितले ते लिहून दाखव," असे म्हटले तरच कळते. आपल्या नाटकांतून आणि वगांतून बहिऱ्या म्हाताऱ्यावर आपण पोट धरून हसलो आहोत, आम्हीही हसलो आहोत. त्या हसण्याची सवय वर्गात येते.

वडिलांना आम्ही वचन दिले खरे, पण विषयाची आम्हांला काडीची माहिती नव्हती. म्हणून वाचायला लागलो, विचारायला लागलो. पहिली गोष्ट कळली ती शब्दाची. 'मूकबधिर' हा शब्द चुकीचा आहे. बहुतेक बहिऱ्या माणसांचा घसा शाबूत असतो. आपला आवाजच कानी पडत नाही म्हणून बोलणे घडत नाही. दुसरी गोष्ट, बहिरेपणा सगळा सारखा नसतो. आपल्या कायद्यात दोन पायऱ्या आहेत. दोन्ही कानांनी सत्तर डेसिबल किंवा त्याहून अधिक ऐकण्याची शक्ती गेली तर तो कर्णबधिर, साठ ते सत्तर गेली तर कमी ऐकू येणारा. नेहमीचे बोलणे साठाच्या आसपास असते हे आपण पाहिले. यावरून सत्तरचा अर्थ काय ते समजेल. पहिल्या माणसापर्यंत बोलणे पोचतच नाही, दुसऱ्यापर्यंत कुजबुजीसारखे पोचते. आणि आमच्यासारखे कितीतरी या दोन्ही रकान्यांत बसत नाहीत, पण पंख्याखाली बसले की अर्धे वाक्य गमावतात. २०११ च्या जनगणनेत भारतात ऐकण्याचे अपंगत्व असलेली माणसे पन्नास लाखांच्या वर मोजली गेली.

"मशीन लावले की झाले," असे लोक म्हणतात. श्रवणयंत्र हे चष्म्यासारखे असते अशी आपली कल्पना आहे. चष्मा अक्षर स्पष्ट करतो. यंत्र मुख्यतः आवाज मोठा करते, आणि तो सगळाच मोठा करते: गुरुजींचा, पंख्याचा, बाक सरकवल्याचा, बाहेरच्या एसटीचा. आजची यंत्रे थोडी निवड करतात, पण सूप जसे पाखडते तशी नाही. शिवाय बोलणारा दहाबारा फुटांपलीकडे गेला की यंत्राची मदत झपाट्याने घटते. आपल्या या डोंगरात तर पावसाळ्याचे चार महिने पत्र्यावर पावसाचा असा मारा असतो की चांगल्या कानाच्या मुलालाही मागच्या बाकावर काही कळत नाही. आणि त्याच दिवसांत दमटपणाने यंत्रे बिघडतात. लहानपणीच शस्त्रक्रिया करून कानात बसवलेले रोपण मिळालेली मुलेही आता कॉलेजात येऊ लागली आहेत. त्यांना अधिक ऐकू येते, पण गोंगाटात तीही चाचपडतात.

मग ओठ वाचावेत, असे दुसरे म्हणतात. श्रोत्यांनी आज घरी जाऊन आरशासमोर उभे राहावे आणि आवाज न काढता 'पार', 'बार', 'भार', 'मार' हे चार शब्द म्हणावेत. ओठ चारही वेळा एकसारखेच मिटतील. नंतर 'काडी', 'गाडी', 'खाडी' म्हणावे. येथे तर सगळा कारभार घशाजवळ चालतो, बाहेर काही दिसतच नाही. उरलेले संदर्भावरून ताडायचे. घरी जेवताना ते जमते, कारण विषय ठाऊक असतो. वर्गात विषयच नवा असतो. त्यात गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलतात, कोणाला मिशा असतात, कोणाच्या तोंडात सुपारी असते. आणि मोठी अडचण अशी की ओठांकडे पाहणारे डोळे वहीकडे वळले की तेवढे वाक्य गेले. ऐकणारा मुलगा कानाने ऐकतो आणि हाताने लिहितो. बहिऱ्या मुलाला दोन्ही कामे डोळ्यांनीच करायची असतात.

याहून खोल अडचण भाषेची आहे. आमचे डोळे खऱ्या अर्थाने येथे उघडले. त्या तरुणाने आम्हांला पहिली चिठ्ठी लिहिली तिचा मजकूर असा होता: "मी कॉलेज जातो सर रागावणे मुले हसणे मी घरी." आम्हांला वाटले, बारावी झालेल्या मुलाचे हे मराठी! पण विचार करावा. रामाने, रामाला, रामाचा, रामाशी यांतले ने, ला, चा, शी हे शब्दाच्या शेवटी लागणारे बारीक तुकडे. ऐकणाऱ्या मुलाच्या कानांवर ते पाळण्यापासून लाखो वेळा फुकट पडतात. ज्याच्या कानांवर ते कधी पडले नाहीत, त्याला ते व्याकरणाच्या पुस्तकातून एकेक करून उचलावे लागतात, जसे आम्ही वयाच्या तिसाव्या वर्षी इंग्रजी कायद्याची कलमे उचलली. यात बुद्धीचा काही संबंध नाही.

त्याच तरुणाला दुसऱ्या बहिऱ्या मित्राशी बोलताना आम्ही पाहिले. हात, बोटे, भुवया, खांदे सगळे बोलत होते; थट्टा चालली होती, वाद चालला होता, कोणाच्या तरी लग्नाचे वर्णन चालले होते. आमच्या मागांच्या शेडमधल्या दहावीस खुणांशी याचे काही नाते नव्हते. या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. उदाहरणार्थ 'कोण', 'काय', 'कुठे' हे प्रश्नाचे शब्द तीत वाक्याच्या शेवटी येतात. मदन वसिष्ठ हे स्वतः कर्णबधिर असलेले अभ्यासक आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगलोर या शहरांतल्या खुणा गोळा करून पाहिल्या, तेव्हापासून भारतीय सांकेतिक भाषेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. मुंबईला वांद्र्यास १९८३ मध्ये अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली. दिल्लीत २०१५ साली सांकेतिक भाषेचे स्वतंत्र संशोधन केंद्र झाले. त्याचा कोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, तो २०२१ मध्ये दहा हजारांवर गेला.

एवढा उशीर का झाला? १८८० साली इटलीत मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने ठराव केला की मुलांना बोलायलाच शिकवावे, खुणा वर्ज्य कराव्यात. ठराव करणाऱ्यांत बहिरी माणसे जवळजवळ नव्हतीच. गिरणीमालकांनी सभा भरवून कामगारांचे तास ठरवावेत तसा हा प्रकार. त्याची छाया जगभर पडली. आपल्याकडे मुंबईत १८८५ च्या सुमारास बहिऱ्यांची पहिली शाळा निघाली, आणि पुढच्या शंभर वर्षांत येथल्या बहुतेक शाळांनी बोलण्यावरच भर दिला. त्याच परिषदेच्या २०१० मधल्या व्हँकुव्हरच्या अधिवेशनात जुन्या ठरावाबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. एकशे तीस वर्षांनी!

आमच्या धंद्याच्या दृष्टीने सर्वांत आवडलेली हकीकत अमेरिकेतली आहे. वॉशिंग्टन येथे गॅलॉडेट नावाचे बहिऱ्यांचे विद्यापीठ आहे. पदव्या देण्याचा अधिकार त्याला १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने मिळाला. पण शंभरावर वर्षे त्याचा प्रमुख नेहमी ऐकणारा असे. मार्च १९८८ मध्ये विश्वस्तांनी पुन्हा ऐकणाऱ्या बाईंचीच नेमणूक केली, तेव्हा विद्यार्थ्यांनी फाटके बंद केली आणि आठवडाभर विद्यापीठ ठप्प पाडले. त्यांच्या मागण्या चार होत्या. नव्या बाईंनी राजीनामा द्यावा आणि बहिरा अध्यक्ष नेमावा. विश्वस्त मंडळाच्या प्रमुखांनी पायउतार व्हावे. मंडळात बहिऱ्यांचे बहुमत असावे. आणि संपात भाग घेणाऱ्या कोणावरही सूड उगवू नये. ही चौथी मागणी वाचून आम्ही खुर्चीतून उठलोच! ज्याने एकदा तरी संप चालवला आहे त्यालाच तिचे मोल कळेल. चारही मागण्या मान्य झाल्या. आय. किंग जॉर्डन हे पहिले बहिरे अध्यक्ष झाले.

आपल्याकडे मागण्यांचा कागद कायद्यानेच लिहून ठेवला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखायच्या आहेत, वयात पाच वर्षांची सूट आहे, परीक्षेत जादा वेळ आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूदही आहे. ही सूट आम्हांला दुधारी वाटते. शाळेत ती मुलाला तारते. पण इंग्रजी न शिकलेले ते मूल पुढे कॉलेजात येते आणि हिशेबशास्त्राचे पुस्तक इंग्रजीत पाहून थबकते. सूट घेताना पुढची वाट कोणकोणत्या दारांतून जाते हे आईबापांना कोणीतरी सांगितले पाहिजे. बरे, 'वाजवी सोय' असा शब्द कायद्यात आहे, आणि ती नाकारणे हा भेदभाव समजावा असे तेथे लिहिले आहे. ती मेहेरबानी म्हणून मागायची नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील बाई सर्वोच्च न्यायालयापुढे दुभाष्यासह उभ्या राहिल्या; न्यायालयाला जमते तर तालुक्याच्या कॉलेजला जमू नये असे काही नाही.

दुभाष्याची मात्र आपल्याकडे फार टंचाई आहे. सांकेतिक भाषेचा दुभाषा म्हणजे वर्गात शिक्षकाजवळ उभा राहून प्रत्येक वाक्य हातांनी सांगणारा माणूस. हे काम इतके थकवणारे आहे की मोठ्या तासाला दोघे लागतात, दर वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीने. आमच्या भागात एकही मिळाला नाही. म्हणून आम्ही त्या कॉलेजात गेलो तेव्हा दुभाष्याची मागणी नोंदवून ठेवली आणि जे उद्यापासून होण्यासारखे होते ते पुढे मांडले.

प्राचार्यांशी आमची बैठक दोन तास चालली. त्यांचे म्हणणे, कॉलेजकडे पैसा नाही. आम्ही विचारले, मुलाला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवायला किती पैसा लागतो? (खिडकी शिक्षकाच्या मागे आली तर त्यांचा चेहरा काळोखा दिसतो, म्हणून ही तजवीज.) फळ्याकडे वळल्यावर बोलणे थांबवायला? तासाचे मुद्दे आदल्या दिवशी कागदावर द्यायला? दुसऱ्या मुलाने प्रश्न विचारला तर तो शिक्षकांनी पुन्हा उच्चारायला? तोंडी परीक्षेचे प्रश्न लिहून द्यायला? पैसा लागणार होता तो एकाच बाबीला, आणि तिचे उत्तर साताऱ्याच्या मातीतच होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. गरिबाच्या मुलाला शाळेचे दार उघडून दिले म्हणजे तो शिकेल, असे त्यांनी मानले नाही. तो राहणार कोठे, खाणार काय, हे त्यांनी आधी पाहिले. म्हणून वसतिगृहे निघाली, आणि कष्ट करून शिकण्याची 'कमवा आणि शिका' ही पद्धत रूढ झाली. ती योजना आज अनेक कॉलेजांत आहे. गरजू मुले त्यात ग्रंथालय झाडतात, बागेला पाणी घालतात आणि तासाप्रमाणे मोबदला घेतात. आम्ही सुचवले की वर्गातल्या दोन गरजू आणि सुवाच्य अक्षराच्या मुलांना टिपणे घेण्याचे काम याच योजनेत द्यावे. वहीत कार्बन घालावा, वरची प्रत आपली, खालची मित्राची. प्राचार्य बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे करता येईल." दोन मुली पुढे आल्या. पुढे त्यांतल्या एकीने आम्हांला सांगितले की दुसऱ्यासाठी लिहायचे म्हणून ती लक्ष देऊन लिहू लागली आणि तिचेच गुण वाढले.

बोललेले शब्द मोबाइलच्या पडद्यावर अक्षरांत उमटवण्याची सोय २०१९ पासून सर्रास मिळू लागली, मराठीतही. ती आम्ही वर्गात वापरून पाहिली. गुरुजी स्वच्छ मराठी बोलले तर बरे चालते. पण आपले गुरुजी एका वाक्यात मराठी आणि इंग्रजी मिसळतात, मग यंत्र गडबडते. 'घसारा' या शब्दाचे त्याने 'घसरला' केले, त्यावर सगळा वर्ग हसला, आणि या वेळी तो तरुणही हसला. मदत म्हणून ते ठेवावे. टिपणे बंद करू नयेत.

सगळे सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. एका गुरुजींनी शेवटपर्यंत फळ्याकडे तोंड करूनच शिकवले. दुसऱ्या वर्षी इंग्रजीत तो नापास झाला, पुन्हा बसला आणि काठावर सुटला. आमचीही एक चूक झाली. पहिल्या दोन बैठका आम्ही त्याच्या वडिलांना घेऊन केल्या, त्याला बाहेर बाकावर बसवून. तिसऱ्या वेळी त्याने चिठ्ठी दिली: "माझे काम मी बाहेर का." मिलानच्या ठरावावर तोंडसुख घेणाऱ्या आम्ही तेच केले होते. त्यानंतर प्रत्येक बैठकीत तो मधोमध बसला आणि प्रत्येक मुद्दा कागदावर गेला. त्यामुळे बैठका लांबल्या हे खरे, पण झालेले बोलणे फिरवायला कोणाला जागा उरली नाही. युनियनच्या बैठकांतही आता आम्ही तोच रिवाज ठेवला आहे.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. पाचगणी, वाई, महाबळेश्वर किंवा जावळीच्या खोऱ्यात कोणाच्या घरी, शेजारी असे मूल असेल तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांसाठी आताच अर्ज करावा. कानांची तपासणी व्हायला वेळ लागतो आणि प्रमाणपत्राविना राखीव जागा मिळत नाही. प्रवेशाच्या दिवशीच मागण्यांचा अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज मुलाच्या सहीने असावा. त्याचा नमुना पहिल्या रांगेतल्या या तरुणाने तयार केला आहे आणि त्याच्याकडे पन्नास प्रती आहेत. व्याख्यान संपल्यावर त्या मागून घ्याव्यात. मागताना त्याच्यासमोर, उजेडात उभे राहावे.